कारखाना नाही, कॉलेज नाही, तरी आबा एवढे मोठे झाले कसे?

आर. आर. पाटील म्हणजे आपले आबा, त्यांना जाऊन आता दहा वर्षं उलटून गेली. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत लीलावती हॉस्पिटलमध्ये ते गेले, तोंडाचा कॅन्सर होता, वय फक्त ५७. आता जी पोरं पहिल्यांदा मतदान करायला लागलीत त्यातल्या बऱ्याच जणांना आबा म्हणजे डान्सबार बंद करणारे आणि २६/११ नंतर राजीनामा दिलेले गृहमंत्री एवढंच माहीत असतं. तेवढ्यावर हा माणूस कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तो कळायचा तर आधी आपल्याकडचं राजकारण नक्की कशावर चालतं ते समजून घ्यावं लागतं, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

सांगली आणि सातारा जिल्ह्यातला कुठलाही मोठा नेता घ्या आणि त्याच्या मागे काय उभं आहे ते बघा. वसंतदादांच्या मागे सांगलीचा साखर कारखाना. राजारामबापूंच्या मागे साखराळ्याचा कारखाना, त्यावर पुढं त्यांचे चिरंजीव जयंत पाटील उभे राहिले. पतंगराव कदमांकडे १९६४ ची भारती विद्यापीठ आणि नंतर वांगीचा सोनहिरा. तिकडं साताऱ्यात रेठऱ्याचा कृष्णा, कराडचा सह्याद्री, पाटणला बाळासाहेब देसाईंच्या नावाचा, वाईकडं भुईंजचा किसन वीर, शेंद्रेचा अजिंक्यतारा. कारखान्याला जोडून दूध संघ, बँक, पतसंस्था, इंजिनिअरिंग कॉलेज, सूतगिरणी, असं सगळं गोतावळ्यासारखं वाढत जातं.

आता यातून मतं कशी तयार होतात ते बघा, कारण खरी मेख इथंच आहे. कागदावर सहकार म्हणजे एक सभासद एक मत, एक गुंठा ऊसवाल्याचं आणि पन्नास एकरवाल्याचं मत सारखंच, आणि ही कल्पना खरंच मोठी आहे, दुष्काळी भागातल्या साध्या शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करणारी आहे. पण रोजच्या व्यवहारात काय होतं, तर तुमच्या शेतात ऊसतोडीची टोळी कधी पाठवायची हे कारखान्याचं शेती ऑफिस ठरवतं. ऊस वेळेत तुटला तर वजन मिळतं, महिनाभर उशीर झाला तर वाळतो, तुरा येतो, आणि वर्षभराच्या कष्टाचं वजन काट्यावर कमी भरतं. पूर्वी तर झोनबंदी होती, म्हणजे आपल्या भागातला कारखाना सोडून दुसऱ्याला ऊस घालायची सोयच नव्हती. त्यात सोसायटीचं कर्ज ऊसबिलातून कपात होणार, पोरगं कारखान्यात रोजंदारीवर लागलेलं, ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लावलेला, पुतणीचं कॉलेजचं ॲडमिशन त्याच संस्थेत. आता असा माणूस निवडणुकीत चेअरमनच्या विरोधात जाईल का? प्रत्येक वेळी कोणी दमच देतो असं नाही, बऱ्याचदा उपकाराची जाणीव असते, नातंही असतं, कारखान्यामुळं भागाचं भलंही झालेलं असतं. पण पाच वर्षं रोज माणसाशी संबंध ठेवणारं असं यंत्र हाताशी असलं की निवडणूक अर्धी तिथंच झालेली असते.

आणि आबांकडे यातलं काहीही नव्हतं. कारखाना नाही, दूध संघ नाही, शिक्षणसंस्था नाही. सहा वेळा आमदार, ग्रामविकास मंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री, आणि विधानसभेची एकही निवडणूक हरले नाहीत. हे कसं जमलं हा खरा प्रश्न आहे.

आबांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा, तासगाव तालुक्यातलं अंजनी हे गाव. तासगाव म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्ष आणि बेदाणा आठवतो, पण तालुक्याचा पूर्व भाग, सावळज, अंजनी हा सगळा पाण्यासाठी तरसलेला. घरची परिस्थिती बेताची. सांगलीत शांतिनिकेतनला कमवा आणि शिका करत बी.ए. केलं, नंतर एलएल.बी. आता हे शांतिनिकेतन कोणाचं, तर प्राचार्य पी. बी. पाटलांचं. पंचायत राजचा अभ्यास करायला सरकारने १९८४ मध्ये जी समिती नेमली, तिला ज्यांचं नाव मिळालं ते हे पी. बी. पाटील. म्हणजे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांचा कळकळीने विचार करणाऱ्या माणसाच्या संस्थेत आबा घडले, आणि पुढं आबांनी आयुष्यभर गावपातळीवरच्या गोष्टी का लावून धरल्या याचं एक मूळ मला तरी इथं दिसतं.

१९७९ ला आबा सावळज गटातून जिल्हा परिषदेवर निवडून आले, वय २२ च्या आसपास, आणि १९९० पर्यंत तिथंच होते. हा काळ लोक पटकन ओलांडून जातात पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ ला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, आणि त्यांच्या हातात प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, गावचे रस्ते, पाणी योजना, जनावरांचे दवाखाने असं सगळं आलं. आमदार कायदा करतो, पण शाळेला मास्तर आहे की नाही, हातपंपाचा दांडा तुटलाय का, डॉक्टर केंद्रावर मुक्कामाला राहतो का, हे जिल्हा परिषद सदस्याच्या दारात येतं. अकरा वर्षं हे केलेल्या माणसाला सरकारी फाईल कुठल्या टेबलावर अडते ते तोंडपाठ असतं. कारखान्याच्या चेअरमनला टोळी पाठवता येते, आबांना पाठवता येत नव्हती, पण फाईल हलवता येत होती, आणि गावात जाऊन जमिनीवर बसून बोलता येत होतं. बोलणं हे तर त्यांचं मोठंच हत्यार, तासगावी ठेका, मधेच गावाकडचा दाखला, आणि समोरच्या आजीला पण कळेल अशी भाषा.

१९९० ला काँग्रेसकडून तासगावचे आमदार झाले. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं आणि आबा विरोधी बाकावर. सत्ता नसलेल्या आमदाराकडे हत्यारं असतात ती म्हणजे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा. लक्षवेधी म्हणजे सोप्या भाषेत सांगायचं तर तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यायला लावणं, लेखी उत्तर वाचलं की आमदार उपप्रश्न विचारतात आणि तिथं मंत्र्याचा अभ्यास उघडा पडतो. जिल्हा परिषदेत मुरलेल्या आणि कायदा शिकलेल्या माणसाला हे मैदान फार मानवलं, त्या पाच वर्षांत आबांचं नाव तालुक्याच्या बाहेर, राज्यभर गेलं. १९९९ ला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, आबा शरद पवारांबरोबर गेले, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडी सरकारात ग्रामविकास खातं मिळालं.

त्या वेळी ग्रामविकास हे काही वजनदार खातं धरत नसत. महसूल, गृह, अर्थ, सहकार, पाटबंधारे, त्यावर मोठ्यांच्या नजरा. पण इथंच आबांनी २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं आणि याची रचना नीट बघण्यासारखी आहे. साधारण सरकारी योजना कशी असते, वरून पैसा येतो, ठेकेदार काम करतो, उद्घाटन होतं, गाव बघत राहतं. इथं उलटं केलं. आधी पैसा नाहीच. गावांची स्पर्धा, गावाने श्रमदान करायचं, वर्गणी काढायची, गटारं काढायची, उकिरडे हलवायचे, संडास बांधायचे, शाळा अंगणवाडी रंगवायची, मग समिती येऊन तपासणार आणि आधी खाली, मग जिल्हा, विभाग, राज्य अशा पातळ्यांवर बक्षीस. बक्षिसापेक्षा शेजारचं गाव पुढं जातंय ही ईर्षा जास्त कामाला आली, आणि आपल्या भागातली गावकीची ईर्षा काय चीज असते ते सांगायला नको, एरवी ती जत्रेच्या कुस्तीत आणि बैलगाड्यांच्या शर्यतीत खर्च होते, ती आबांनी गटार काढण्याकडं वळवली. साताऱ्यातलं कोरेगाव तालुक्यातलं धामणेर याच अभियानातून राज्यात गाजलं. आणि नाव गाडगेबाबांचं, जे स्वतः हातात खराटा घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन करायचे, त्यामुळं झाडू हातात घेण्यात कमीपणा वाटायचं कारण राहिलं नाही. २००३ ला केंद्र सरकारने निर्मल ग्राम पुरस्कार आणला तेव्हा महाराष्ट्राने ही वाट आधीच चालायला सुरुवात केली होती.

यात त्रुटी नव्हत्या असं नाही. समिती येणार म्हणून रात्रीत रंगरंगोटी करणारी गावं होती, बक्षीस मिळाल्यावर पुढच्या वर्षी परत तीच घाण आणि संडासात सरपण भरून ठेवलेलं, हेही लोकांनी बघितलंय. स्पर्धेवर उभं केलेलं काम स्पर्धा संपली की ढिलं पडतं हा त्यातला मूळ दोष. तरीपण संडास हा विषय पारावर, ग्रामसभेत, बायकांच्या बैठकीत उघडपणे बोलला जायला लागला याचं मोठं श्रेय मी या अभियानाला देतो, सूनबाईला अंधार पडायची वाट बघत बसावं लागू नये ही गोष्ट लहान नाही.

आता मूळ प्रश्नाचं उत्तर इथं मिळायला लागतं. बाकीच्यांची संस्था त्यांच्या तालुक्यात होती. आबांनी सरकारलाच, म्हणजे ग्रामपंचायत ते मंत्रालय या साखळीलाच आपली संस्था मानलं. महाराष्ट्रातल्या हजारो गावांतले सरपंच, ग्रामसेवक, बचतगटाच्या बाया यांना हा मंत्री नावाने माहीत झाला, आणि त्यासाठी कोणाचा ऊस न्यावा लागला नाही. पण याची दुसरी बाजू अशी की ही ताकद पद असेपर्यंतची असते. कारखाना सत्ता गेली तरी राहतो, खातं राहत नाही. म्हणून आबांना सतत काहीतरी नवीन, लोकांना दिसेल असं करत राहावं लागलं असं मला वाटतं, आणि त्यातून चांगलं झालं तसं काही घाईचंही झालं.

डिसेंबर २००३ मध्ये छगन भुजबळांनी राजीनामा दिल्यावर गृहखातं आबांकडे आलं. २००४ च्या निवडणुकीनंतर विलासराव देशमुख मुख्यमंत्री आणि आबा उपमुख्यमंत्री. इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, उपमुख्यमंत्री हे पद राज्यघटनेत नाहीच. शपथ मंत्री म्हणूनच होते, कायद्याने अधिकार बाकी मंत्र्यांएवढेच, आघाडीत दुसऱ्या पक्षाचा मान राखायला ते पद देतात. महाराष्ट्रात पहिले उपमुख्यमंत्री नासिकराव तिरपुडे, १९७८ ला, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते आपले वसंतदादा. त्यामुळं आबांची खरी ताकद उपमुख्यमंत्री या पाटीत नव्हती, गृहखात्यात होती, कारण पोलीस हा पूर्णपणे राज्याचा विषय आहे.

गृहमंत्री असताना आबांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या आणि त्या शेजारी ठेवून बघितल्या की बरंच कळतं. एक तंटामुक्ती. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, अध्यक्ष नेमायचा, आणि बांधावरून, वाटणीवरून, पाण्याच्या पाळीवरून, नवरा-बायकोच्या भांडणावरून जे तंटे कोर्टात वर्षानुवर्षं पडून असतात ते दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने गावातच मिटवायचे. खून, बलात्कार असले गंभीर गुन्हे यात येत नाहीत, कायद्याने ज्यात तडजोड चालते तेवढेच. आपल्याकडं हातभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढतात आणि वकिलाची फी देता देता तोच बांध विकायची वेळ येते, त्या माणसाला हे फार मोठं होतं. पण धोकाही होता, गावातली समिती म्हणजे गावातलीच वजनदार मंडळी, तिथं गरिबाला, दलिताला, एकट्या बाईला "मिटवून घे" म्हणून दाबलं जाण्याची शक्यता कायम असते. ज्या गावात अध्यक्ष भला तिथं मोहीम भली, हे असं सगळं माणसावर अवलंबून राहिलं.

दुसरी गोष्ट डान्सबार बंदी. आबांचं म्हणणं होतं की यात तरुण पोरं आणि त्यांचे संसार बरबाद होतायत, मुलींचा बाजार मांडला जातोय. २००५ ला मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब अशी दोन कलमं घातली. ३३-अ ने परमिट रूम, बिअर बारमध्ये नाच बंद केला. ३३-ब ने तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट दिली. विधिमंडळात कोणी विरोध केला नाही, गावाकडं तर बायकांनी आबांना डोक्यावर घेतलं. पण कायद्याचा सांधा निखळला तो या सुटीमुळं. एप्रिल २००६ ला मुंबई हायकोर्टाने कलम रद्द केलं, १६ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. कारण दोन, नीट समजून घ्या. पहिलं समानता, म्हणजे तोच नाच महागड्या हॉटेलात चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही हे घटनेच्या कलम १४ मध्ये बसत नाही, श्रीमंत माणूस बघतो तेव्हा नीती बिघडत नाही आणि साधा बघतो तेव्हा बिघडते असं सरकारला म्हणता येणार नाही. दुसरं कलम १९, आपल्या पसंतीचा व्यवसाय करायचा अधिकार. अश्लीलता, जबरदस्ती, मुलींची खरेदी-विक्री यांना रोखायला कायदे आधीपासून आहेत, ते वापरा, सगळा धंदाच बंद करणं हे प्रमाणाबाहेर आहे, असा एकूण सूर. जून २०१४ ला आबा गृहमंत्री असतानाच सरकारने सूट काढून टाकून परत बंदी आणली, ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली, मग २०१६ ला नव्या सरकारने कडक अटींचा कायदा केला आणि जानेवारी २०१९ ला त्यातल्याही काही अटी कोर्टाने रद्द केल्या. तोपर्यंत आबा राहिले नव्हते.

मी स्वतः आबांना मानतो, आणि तरीही म्हणतो की या बाबतीत कोर्टाचं बरोबर होतं. आबांची तळमळ खरी होती यात मला शंका नाही, पण बारमध्ये नाचून घर चालवणाऱ्या बायकांचं पुढं काय होणार याची सोय कायद्याच्या आधी व्हायला हवी होती, ती झाली नाही, आणि त्यातल्या कितीतरी जणी आणखी वाईट वाटेला ढकलल्या गेल्या. ग्रामस्वच्छतेत गावाला विचारून, गावाच्या हातून काम झालं, इथं ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांना कोणी विचारलंच नाही.

मग २६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं गेली, आणि पत्रकारांसमोर आबा हिंदीत बोलून गेले की मोठ्या शहरात अशा छोट्या घटना होतात. लोकांच्या जखमा ओल्या असताना हे वाक्य अक्षम्य होतं, हिंदी बोलताना शब्द चुकला म्हणून ते सोडून देता येत नाही. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ मुख्यमंत्री देशमुखांनाही पद सोडावं लागलं. गृहखातं मिळालं जयंत पाटलांना, म्हणजे एका सांगलीकराकडून दुसऱ्या सांगलीकराकडं. पोलिसांची तयारी कुठं कमी पडली ते तपासायला माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांची समिती नेमली गेली.

दुसऱ्या कोणा नेत्याने असल्या वेळी कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर बसून पुढची जुळवाजुळव केली असती, आबांकडे परत जायला अंजनीच होती. २००९ ला मतदारसंघांची फेररचना होऊन तासगाव-कवठेमहांकाळ असा नवा मतदारसंघ झाला, अर्धा भाग नवीन, तरी लोकांनी निवडून दिलं आणि ते परत गृहमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी १७ पोलीस मारले होते, आणि आबांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद स्वतःहून मागून घेतलं. पालकमंत्री म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष, जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातला पैसा कशावर खर्च करायचा हे तिथं ठरतं, म्हणून सगळे पैशावाला नाहीतर घरचा जिल्हा मागतात. राज्याच्या पार त्या टोकाचा, जिथून स्वतःला एक मत मिळणार नाही असा जिल्हा मागणारा मंत्री विरळाच, आणि एका खात्याने नक्षलवाद सुटत नाही, पोलीस आणि रस्ता-शाळा-दवाखाना बरोबर गेले पाहिजेत, हे त्यांना जिल्हा परिषदेपासून माहीत होतं.

पाण्याचं मात्र अर्धवट राहिलं. म्हैसाळ, टेंभू या योजना म्हणजे कृष्णेचं पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर उचलून दुष्काळी भागात आणायचं, त्यात कालवा खोदून भागत नाही, वीजबिल दरवर्षी येत राहतं आणि बिल थकलं की पंप बंद. आबांच्या हयातीत पाणी काही भागात आलं पण पूर्व भागातली कितीतरी गावं वाट बघत राहिली, आणि एवढी वर्षं मंत्री असताना हे आधी व्हायला हवं होतं असं तिथले लोक आजही म्हणतात, ते मला चूक वाटत नाही.

आबा गेल्यावर एप्रिल २०१५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई लाखाच्या वर मताधिक्याने निवडून आल्या, २०१९ ला परत आल्या, आणि २०२४ ला त्यांचा मुलगा रोहित पाटील, वयाच्या पंचविशीत, त्या विधानसभेतले सगळ्यात तरुण आमदार. मग हेही शेवटी घराणंच झालं ना असं कोणी विचारलं तर हो, झालं, त्याला दुसरं नाव देता येत नाही. फरक एवढाच की वारसा म्हणून त्यांच्या हातात आलेल्या गोष्टींत ऊसबिल नव्हतं, संचालक मंडळ नव्हतं, आबांनी गावोगाव जोडलेली माणसं होती. त्या माणसांना आता आबांच्या आठवणीपेक्षा टेंभूचं पाणी हवंय, आणि तासगावात रोहित पाटलांना प्रश्न विचारला जातो तो त्याचाच.